सूर्याच्या म्हातारपणाची तरतूद

लक्ष्मीपूजनाला बसलं की गुरुजी संकल्प सांगतात आणि त्यात यजमानाचा काळातला पूर्ण पत्ता येतो: श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. पारंपरिक गणितानं त्यातली साधारण १९७ कोटी उलटली, म्हणजे २३५ कोटी अजून शिल्लक. यावरून पूर्वजांना सगळं खगोलशास्त्र ठाऊक होतं असं सांगणारे दरवर्षी भेटतात; त्यांच्या नादी लागायचं कारण नाही. पण कोटींच्या हिशेबात काळ मोजायला आपला कान सरावलेला आहे, एवढं मात्र खरं. त्याचा इथं उपयोग होईल. कारण माणसाला पृथ्वीवर राहण्यासाठी विज्ञान तेवढीही मुदत द्यायला तयार नाही. त्याचा अंदाज आहे शंभरेक कोटींचा.

सूर्य संपायला ५०० कोटी वर्षं आहेत हे शाळेत शिकलेलं असतं, त्यामुळे हा आकडा चुकल्यासारखा वाटतो. चूक नाही. सूर्य मरण्याच्या फार आधी तो तापत जाणार आहे.

हे समजून घ्यायला हेलियमकडे वळावं लागतं, आणि हेलियमची गोष्ट आपल्याकडच्या आकाशातच सुरू होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा हिंदुस्थानावरून गेला. फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन गुंटूरला ठाण मांडून होते, जॉन हर्शेल जमखंडीला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली. विजयदुर्गावर साहेबाच्या नावानं ओळखले जाणारे कट्टे आहेत आणि नॉर्मन लॉकियरनं हेलियम तिथूनच शोधला असं दर ऑगस्टमध्ये अभिमानानं सांगितलं जातं. किल्ला सुंदरच आहे, पण लॉकियर तेव्हा इथं आलाच नव्हता. त्यानं ती रेघ दोन महिन्यांनी, इंग्लंडमधूनच पाहिली, आणि ती पृथ्वीवर कुणाला न सापडलेल्या मूलद्रव्याची असल्याचं ओळखलं. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडलं.

सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं. चुलीत राख साचली की जाळ मंदावतो. सूर्यात नेमकं उलट घडतं. हायड्रोजनच्या चार अणुकेंद्रांचं हेलियमचं एक केंद्र बनतं, म्हणजे कणांची संख्या घटते. कण कमी झाले की वरचा भार पेलणारा दाब कमी पडू लागतो, गाभा आकसतो, आकसताना तापतो, आणि तापला की उरलेला हायड्रोजन अधिक वेगानं जळतो. सूर्य जन्मला तेव्हा आजच्या सत्तर टक्केच तेजस्वी होता. पुढेही दर १०० कोटी वर्षांत त्याचं तेज सुमारे दहा टक्क्यांनी वाढत जाईल.

दहा टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण तेवढ्यानं समुद्रावरची वाफ इतकी वर पोचू लागते की अतिनील किरण तिचे तुकडे करतात, हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि समुद्र कायमचे आटतात. त्याआधी उपासमार येते, तीही चमत्कारिक वाटेनं. हवा गरम आणि दमट झाली की खडकांची झीज वाढते आणि झिजणारा खडक हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधून टाकतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पाऊस कोसळतो तेव्हा आजही हेच चालू असतं. आज जो वायू जास्त झाला म्हणून आपण घाबरलो आहोत, तो तेव्हा वनस्पतींना पुरणार नाही. भात आणि गहू आधी जातील. ज्वारी, बाजरी आणि ऊस यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी, त्यांचं फार थोड्या कार्बन डायऑक्साइडवर भागतं, म्हणून ती जात पुष्कळ टिकेल. केन काल्डेरा आणि जेम्स कास्टिंग यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सुमारे ९० कोटी वर्षांनी त्यांचाही शेवट.

आता उपाय. पहिला उपाय तसा साधा आहे: छत्री. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवर एल-१ नावाचा बिंदू आहे, जिथं ठेवलेली वस्तू पृथ्वीबरोबरच सूर्याभोवती फिरते. आपलं आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ पासून त्याच बिंदूभोवती घिरट्या घालतं आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकानं बांधलेली. तिथं सुमारे दोन हजार किलोमीटर व्यासाचा पातळ काचेचा पडदा लावायची कल्पना जेम्स अर्ली यांनी १९८९ मध्ये मांडली होती, काच बनवायची चंद्रावरच्या मालातून. ती होती आजच्या तापमानवाढीसाठी, पण म्हाताऱ्या सूर्यालाही ती चालेल. ऊन आटोक्यात राहिलं की खडकांची झीजही आटोक्यात राहते आणि ज्वारीचं पोट भरतं. अडचण एकच. एल-१ हा अस्थिर बिंदू आहे. तिथं काहीही ठेवलं की ते अधूनमधून जागेवर ढकलावं लागतं. आदित्यला त्यासाठी इंधन लागतं. छत्रीलाही लागेल, आणि ती राखणारं कुणीतरी.

छत्रीनं काही अब्ज वर्षं रेटता येतील. नंतर सूर्य तांबडा राक्षसी तारा होतो, तेव्हा छत्रीचा प्रश्नच उरत नाही. क्लाउस-पेटर श्रोडर आणि रॉबर्ट स्मिथ यांच्या २००८ च्या गणितानुसार आजपासून सुमारे ७५९ कोटी वर्षांनी सूर्याची त्रिज्या आजच्या २५६ पट आणि तेज २,७३० पट झालेलं असेल. तोवर त्यानं एक तृतीयांश वस्तुमान उधळलेलं असेल, त्यामुळे पृथ्वीची कक्षा रुंदावेल खरी. पण भरती-ओहोटीच्या ओढीनं पृथ्वी आत खेचली जाऊन गिळली जाईल. श्रोडर आणि स्मिथ यांच्या त्याच निबंधात एक धीर देणारा आकडाही आहे: आपण सूर्यापासून पंधरा टक्के जास्त लांब असतो, तर वाचलो असतो.

मग पृथ्वीच हलवावी? डॉन कोरिकान्स्की, ग्रेग लाफलिन आणि फ्रेड अॅडम्स यांनी २००१ मध्ये हा प्रश्न गंभीरपणे सोडवला. शंभरेक किलोमीटर आकाराचा एखादा पिंड दूरवरून वळवून पृथ्वीजवळून न्यायचा. जाताना तो आपली थोडी ऊर्जा पृथ्वीला देतो, मग गुरूजवळून जाऊन तेवढी परत मिळवतो आणि पुन्हा फेरीला लागतो. व्हॉयेजर यानांनी हीच युक्ती वापरून वेग मिळवला, गुरूला किंचित मंद करून. सरासरी दर ६,००० वर्षांनी एक फेरी, अशा सुमारे दहा लाख फेऱ्या, की पृथ्वी आजच्या दीडपट अंतरावर. यात चंद्र बहुधा गमवावा लागेल. कोजागरी त्या हिशेबात धरलेली नाही. आणि नेम चुकता कामा नये. लोणारचं जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचं विवर करणारी शिळा शंभरेक मीटरपेक्षा मोठी नसावी. इथं शंभर किलोमीटरचा पिंड दहा लाख वेळा घरावरून न्यायचा आहे.

मला या योजनेतलं सर्वांत अवघड वाटतं ते ६,००० वर्षांचं अंतर. ऊर्जा गुरूकडे भरपूर आहे, गणित न्यूटनचं आहे. पण माणसाला लिहिता येऊ लागून जेमतेम पाचेक हजार वर्षं झाली. म्हणजे आपला सगळा लिखित इतिहास दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत मावतो, आणि त्या सुट्टीत पुढच्या फेरीची आठवण ठेवून, हिशेब तपासून, पुढच्या पिढीला शिकवणारं कुणीतरी सतत हवं. असं काम करणारी संस्था आपण अजून उभारलेली नाही. शिवाय ‘आपण’ तरी कोण? आपली जात जेमतेम तीन लाख वर्षांची. १०० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर बहुतेक एकपेशीय जीवच होते. तेवढ्याच अंतरावर पुढे जे असतील, त्यांना माणूस म्हणायचं का, हे त्यांच्यावर सोडलेलं बरं.

घर सोडून जाण्याचे पर्याय जास्त रंगवले जातात, मला ते कमी पटतात. शनीचा चंद्र टायटन त्या तांबड्या सूर्याच्या उजेडात ऊबदार होईल, पण तात्पुरताच. सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ च्या वेगानं तिथं पोचायला ७० हजारांहून अधिक वर्षं लागतील. तो लहान तांबडा तारा आहे, लाखो कोटी वर्षं जळेल. त्याभोवती एक ग्रहही २०१६ मध्ये सापडला, मात्र तारा भडकू स्वभावाचा. ब्रॅडली हॅन्सन आणि बेन झुकरमन यांनी २०२१ मध्ये सुचवलेला मार्ग मात्र शहाणपणाचा वाटतो: आपण धावायचं नाही, तारा जवळ येईपर्यंत थांबायचं. तारेही फिरतात. ग्लीझ ७१० नावाचा तारा सुमारे १३ लाख वर्षांनी आपल्यापासून प्रकाशवर्षाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या आत येणार आहे. १०० कोटी वर्षांत अशा संधी पुष्कळ येतील.

आणि पृथ्वी वाचली तरी पुढे काय, याचा एक नमुना २०२४ मध्ये जाहीर झाला. सुमारे ४,००० प्रकाशवर्षांवर एका श्वेत बटूभोवती, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याच्या उरलेल्या निखाऱ्याभोवती, पृथ्वीच्या जवळपास दुप्पट वस्तुमानाचा ग्रह फिरतो आहे. तो गिळला गेला नाही. मात्र तिथं कुणी राहू शकेल असं कुणी म्हणत नाही.

या सगळ्या कामाची उमेदवारी सुरू झाली आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान १६० मीटरच्या डायमॉर्फोस या लघुग्रहावर आदळलं आणि त्याच्या प्रदक्षिणेचा वेळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. माणसानं एका खगोलीय पिंडाची कक्षा मुद्दाम बदलल्याची ती पहिली वेळ. पुढचा धडा निसर्गच देणार आहे. १३ एप्रिल २०२९ ला तीनशेहून अधिक मीटर लांबीचा अपोफिस लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, भूस्थिर उपग्रहांच्याही आतून, जाईल. टक्कर होणार नाही. पण त्या एका भेटीत पृथ्वी त्याची कक्षा कायमची बदलून टाकेल. कोरिकान्स्कींच्या योजनेतला व्यवहार हाच आहे, फक्त देणं-घेणं उलट दिशेनं, आणि तो कसा घडतो ते मोजायला दुर्बिणी आणि यानं आत्तापासून तयारीला लागली आहेत.