कानशीच्या खुणा, एक ठासणीची बंदूक आणि माझी रद्द झालेली चौदा पानं

पेट नुकतीच पास झालेल्या दोघांनी मला एकच प्रश्न विचारला: "ताई, वस्तूवरून पुरावा काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" कागदावरून पुरावा काढायला आपल्याला शिकवतात, वस्तूवरून फारसं कोणी शिकवत नाही. म्हणून आज माझ्याच कामातलं उदाहरण सांगते. त्यात माझी फजिती आहे, पण तुम्हाला उपयोगी पडेल.

माझा विषय आहे वऱ्हाडातल्या जुन्या ठासणीच्या बंदुका आणि त्या घडवण्याची हत्यारं. आपल्याकडे हा विषय हवेतला नाही. अकबराच्या फौजांनी 1596 च्या सुमारास वऱ्हाड घेतलं आणि 'आइन-ए-अकबरी'त गाविल आणि नरनाळा हे वऱ्हाड सुभ्याचे सरकार म्हणून नोंदले गेले. 29 नोव्हेंबर 1803 ला आजच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावजवळ लढाई झाली (इंग्रजी कागदांत तिला 'अरगाव' म्हणतात), आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडला. आणि हे हत्यार फक्त इतिहासातही राहिलेलं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे. ज्यांच्या तुरीत रोही शिरतात त्यांना तो का आहे हे समजावून सांगावं लागत नाही.

तर, अकोला जिल्ह्यातल्या एका जुन्या वाड्यात मला अशी एक बंदूक बघायला मिळाली. नळी अष्टकोनी, आतून गुळगुळीत, कुठेही शिक्का नाही. मालकांनी मोठ्या मनाने हातात दिली. (इथे थांबा. जुनी ठासणीची बंदूक हातात घेतली की पहिलं काम मोजमापाचं नाही. तोंडाकडे न वाकता, बाजूला उभं राहून नळीत लाकडी गज सोडायचा आणि तो कुठवर जातो याची बाहेरून खूण करायची. रंजकाच्या भोकापर्यंत पोचला नाही तर आत काहीतरी आहे. शंभर वर्षांपूर्वी ठासलेली दारूसुद्धा आत असू शकते. अशा वेळी वस्तू खाली ठेवायची आणि जाणकाराला बोलवायचं.)

नळीच्या पैलूंवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा लांबीच्या दिशेने गेलेल्या बारीक, समांतर रेघा दिसल्या. मला तर लॉटरीच लागली असं वाटलं. कारण हातकामात अशा रेघा कशाच्या असतात हे मी वाचलं होतं: ड्रॉ फाइलिंगच्या.

ही ड्रॉ फाइलिंग काय भानगड आहे ते आधी बघू. नेहमी आपण कानस मुठीला धरून, तिच्या लांबीच्या दिशेने पुढे ढकलतो. त्यात कानस हलते, पुढे-मागे झुकते आणि पट्टीच्या मध्यभागी पोट येतं. रेघाही तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या पडतात. ड्रॉ फाइलिंगमध्ये कानस कामावर आडवी ठेवायची, दोन्ही हातांनी दोन टोकं धरायची आणि नळीच्या लांबीने सरळ ओढायची किंवा ढकलायची. दात तोच, पण धातूला भिडतो वेगळ्या कोनात. सिंगल कट कानशीचे दात तिच्या अक्षाशी साधारण 60 अंशात असतात. सरळ घासताना दात चालीच्या दिशेशी तेवढाच कोन करतो. कानस आडवी केली की तो कोन 30 अंशांवर येतो. म्हणजे दात धातूला समोरून धडकत नाही, विळ्यासारखा तिरका सरकत कापतो. कीस बारीक निघतो, धातू कमी जातो आणि पृष्ठ सरळ राहतं.

लांब नळीला हे का हवं ते उघड आहे. चौकोनी दांड्याचे चार कोपरे उतरवले की आठ पैलू होतात. दांडा 25 मिलिमीटरचा असेल तर प्रत्येक कोपऱ्यापासून सुमारे 7.3 मिलिमीटरवर रेघ मारायची आणि तिथवर घासायचं, की प्रत्येक पैलू सुमारे 10.4 मिलिमीटरचा होतो. आता हा दहा मिलिमीटरचा पैलू तीन-साडेतीन फूट सरळ न्यायचा आहे. आडवी कानसच ते करू शकते. यंत्रावर कापलेल्या नळीवरच्या कटरच्या आडव्या खुणासुद्धा याच पद्धतीने काढतात.

हे सगळं मी वाचून लिहिलं होतं. हात लावला नव्हता. गाइडनी विचारलं, "तू स्वतः कधी कानस मारली आहेस का?" आणि मी गप्प.

मग अमरावतीत एका मिस्त्री काकांकडे गेले. जिनिंगमध्ये फिटर म्हणून आयुष्य गेलेलं. त्यांनी व्हाइसमध्ये एक माइल्ड स्टीलची पट्टी बांधून दिली आणि बघत बसले. पाच मिनिटांत म्हणाले, "पोरी, दाबू नको. कायले घाई करतं? कानशीले आपल्या वजनानं जाऊ दे." मी दाबतच राहिले आणि पट्टीवर एक खोल ओरखडा पडला. दातांत कीस अडकला की तो कणच पट्टी फाडत जातो. काकांनी तारेच्या ब्रशने कानस साफ केली, तिला खडू फासला आणि परत दिली. खडू दातांच्या फटी भरतो, त्यामुळे कीस रुतून बसत नाही. संध्याकाळपर्यंत मला एक वीतभर सपाट पैलू जमला. खांदे दोन दिवस दुखले.

त्या पट्टीने माझा एक गैरसमज काढला. मला वाटायचं, दोन रेघांमधलं अंतर मोजलं की कानशीच्या दातांचं अंतर कळेल आणि त्यावरून कानस कुठली ते. तसं होत नाही. आडवी कानस ओढताना प्रत्येक दात अखंड धारेसारखा काम करतो. रेघ पडते ती त्या धारेवरच्या खाचेमुळे किंवा अडकलेल्या कणामुळे. म्हणजे रेघांच्या अंतरात दातांचं माप नाही, धारेच्या झिजेचा हिशेब आहे. एक अख्खा तक्ता मी तिथेच खोडला.

पण खरा धक्का नंतरचा. काकांकडेच आणखी पट्ट्या केल्या: एक सरळ घासलेली, एक आडवी, एक फक्त पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासलेली, एक विटेच्या भुकटीने आणि चिंधीने. मैत्रिणीला त्यांच्या मागे आकडे लिहायला सांगितले आणि मी पुढून ओळखायला बसले. नुसत्या रेघांवरून आडवी कानस आणि पॉलिश पेपर यांत मी चुकले. दोन्हीच्या रेघा लांबीच्या दिशेनेच असतात!

फरक दुसरीकडे होता. कानस कडक असते, ती खड्ड्यात उतरत नाही आणि पैलूची धार तीक्ष्ण ठेवते. कागद किंवा चिंधी बोटाखाली वाकते. तिच्या रेघा गंजाच्या खड्ड्यांच्या काठावरून आत उतरतात आणि पैलूची धार गोल करतात. शिवाय क्रम बघायचा. गंजाच्या खड्ड्याने रेघ तोडली असेल तर रेघ जुनी, खड्डा नंतरचा. रेघ खड्ड्याच्या काठावरून वळून गेली असेल तर रेघ नंतरची.

परत वाड्यावर गेले. माझ्या रेघा खड्ड्यांत उतरत होत्या. धारा गोल होत्या. मी मालकांना विचारलं, "बंदूक कधी साफ करता?" ते म्हणाले, "दरवर्षी खंडेनवमीला. आजोबा विटकर लावायचे, आता पॉलिश पेपर मिळतो." शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशी पिढ्यान्‌पिढ्या घासलेल्या त्या नळीवर मी घडवणाऱ्या कारागिराचा हात वाचत होते! चौदा पानं लिहून झाली होती. ती गेली.

आता तुम्ही विचाराल, मग त्या नळीवर काहीच उरलं नाही का? उरलं आहे, पण जिथे पूजेचा हात पोचत नाही तिथे. नळी लाकडी दस्त्याला पट्ट्यांनी आवळलेली असते. त्या पट्ट्यांखाली आणि लाकडात बसलेल्या खालच्या पैलूंवर कोणी पॉलिश पेपर मारत नाही. एक पट्टी आधीच सैल होती. मालकांच्या परवानगीने ती बोटभर सरकवली. खाली रुंद, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या खुणा होत्या आणि गंजाच्या खड्ड्यांनी त्या तोडलेल्या होत्या. म्हणजे निदान त्या जागी शेवटचं काम सरळ कानशीचं होतं आणि ते गंजाच्या आधीचं होतं. वरच्या पैलूंवर कारागिराने आडवी कानस फिरवली की नाही, यावर मी आता काहीही लिहू शकत नाही. प्रबंधात तेवढंच वाक्य आहे, चौदा पानांच्या जागी.

एक तंत्र मात्र लगेच शिकून घ्या. वस्तू प्रयोगशाळेत नेता येत नसेल तर दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ते सिलिकॉन उपयोगी पडतं. छोटा ठसा घ्यायचा आणि तोच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. प्राचीन मुद्रा आणि मण्यांची भोकं कशी पाडली हे गोरेलिक आणि ग्विनेट यांनी अशाच ठशांवरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासलं, आणि हे दोघेही दंतवैद्यकातले. सैल गंजावर मात्र ठसा घेऊ नका, पापुद्रा निघून येतो.

आणि लिखित साधनं टाकून देऊ नका. 'आइन-ए-अकबरी'त बैलाने फिरणाऱ्या चाकावर एका वेळी सोळा नळ्या साफ करण्याचं वर्णन आहे. ते शाही कारखान्याचं झालं, वऱ्हाडातल्या गावच्या लोहाराकडे असं चाक होतं असं त्यावरून म्हणता येत नाही. पण नळी 'साफ करणं' हे घडवण्याइतकंच मोठं काम मानलं जायचं, एवढं त्यातून कळतं. हे वाक्य मी आधीही वाचलं होतं, खाली रेघसुद्धा मारली होती. खंडेनवमीचा प्रश्न मात्र मी दुसऱ्या फेरीत विचारला.

पुढच्या महिन्यात अकोटकडच्या आणखी एका घरी जायचं आहे. यादीत आता पहिला प्रश्न तोच आहे, गज दुसरा आणि टॉर्च तिसरा. काका म्हणतात, "गज पयला ठेव वं." त्यांचं बरोबर आहे, यादी बदलते.