गोलाईवर थांबलेला कॅमेरा

रस्त्यावर नकळत टिपलेल्या छायाचित्रात विनोद कुठून येतो, असं विचारलं की छायाचित्रकाराची तीक्ष्ण नजर आणि थोडं नशीब, हे उत्तर ठरलेलं असतं. मला ते अपुरं वाटतं. हा विनोद थांबण्यातून येतो, आणि न थांबता उचललेला विनोद बहुतेक वेळा कुणाची तरी खिल्ली ठरतो. घाईत निघालेल्याला एकटा माणूसच दिसतो: गल्ल्यावर डुलकी घेणारा दुकानदार, सुटलेलं धोतर सावरणारा म्हातारा. त्याला हसण्यापलीकडे त्या फोटोत काही उरत नाही. तासभर एका जागी उभं राहणाऱ्याला मात्र माणूस आणि पाटी, माणूस आणि जनावर, दोन अनोळखी वाटसरू यांच्यात क्षणभर जुळणारं नातं दिसू लागतं. हसू त्या नात्यातून फुटतं, म्हणून त्यात कुणाचा पाणउतारा होत नाही.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी दिल्लीच्या पालम विमानतळावर पंडित नेहरूंचा असाच एक फोटो काढला. देशातला बहुधा सर्वाधिक छायाचित्रं निघालेला माणूस, आणि त्याच्या शेजारी छायाचित्रणास सक्त मनाई असल्याची पाटी. नेहरू त्यात जराही हास्यास्पद दिसत नाहीत. हसू येतं ते पाटीच्या आणि त्यांच्या शेजारामुळे. पॅरिसमध्ये रोबेर द्वानोने १९४८ साली एका दुकानाच्या काचेत विवस्त्र स्त्रीचं चित्र लावलेलं असताना आत कॅमेरा लपवून वाट पाहिली. गाजलेल्या चौकटीत पत्नी दुसऱ्याच चित्राविषयी बोलते आहे आणि नवऱ्याची नजर मात्र तिरकी होऊन त्या चित्राकडे गेली आहे. द्वानोने रंगमंच निवडला, नटांना काहीही सांगितलं नाही. याच द्वानोचं १९५० मधलं जगप्रसिद्ध चुंबनाचं छायाचित्र मात्र दोघांना सांगून घडवलेलं होतं, हे अनेक दशकांनी कोर्टकज्ज्यात उघड झालं. ते सुंदर आहेच, पण वाट पाहून मिळालेल्या चौकटीतला अचंबा त्यात नाही.

अशी वाट पाहायला लातूरच्या गंजगोलाईसारखी जागा शोधून सापडणार नाही. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोल दुमजली बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोन्यापासून चपलांपर्यंत, मिरचीपासून गुळापर्यंत सगळा व्यवहार इथे वळणावळणाने समोर येतो. आपण हललो नाही तरी माणसं फिरून पुन्हा त्याच चौकटीत शिरतात. नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा वेगळ्या तऱ्हेने श्रीमंत आहे. मार्गशीर्षात लोहा तालुक्यात भरणाऱ्या या यात्रेत घोडे, गाढवं, उंट विक्रीला येतात. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची जुनी रीत आहे. हात झाकलेले असतात, म्हणून सगळा सौदा चेहऱ्यांवर शोधावा लागतो: एकाचं मख्ख तोंड, दुसऱ्याची वर चढलेली भुवई, आणि ज्याची किंमत ठरते आहे त्या घोड्याचं भलतीकडेच लक्ष. हे तिन्ही एका रेषेत यायला वेळ लागतो, आणि तो वेळ देण्याची तयारी हीच या कामातली खरी कारागिरी आहे.

मोबाइल सेकंदाला दहा चौकटी टिपत असताना थांबायचं कशाला, असं कुणी म्हणेल. गॅरी विनोग्रँड हा न्यूयॉर्कचा मोठा छायाचित्रकार १९८४ मध्ये वारला तेव्हा त्याच्यामागे सुमारे अडीच हजार रोल धुवायचेही राहिले होते. चौकटींचा ढीग अर्थ शोधून देत नाही. कुठे उभं राहायचं हे आधी ठरवावंच लागतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मग न विचारता फोटो काढावा का? द्वानोचा लपलेला कॅमेरा आज मला स्वतःला खटकतो. पण उघड्यावर तासभर उभं राहणं ही लपण्याच्या नेमकी उलट कृती आहे. आधी ‘कोणत्या पेपरचे हो तुम्ही?’ अशी चौकशी होते, मग लोक कंटाळून आपापल्या कामाला लागतात. ज्याला नको असेल त्याला नाही म्हणायला पुरेसा अवधी मिळतो. धावत्या कॅमेऱ्यासमोर तो मिळत नाही.

आणि किल्लारीचा भूकंप सोसलेल्या, दुष्काळात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या लातूरच्या या मुलखात विनोद शोभतो का? शोभतो, कारण केवळ कोरडे हंडे आणि सुरकुतलेले चेहरे दाखवत राहिलं की इथला माणूस दयेचा विषय होऊन बसतो. टँकरच्या रांगेत जागा धरायला बायका घागरी मांडून ठेवतात आणि स्वतः सावलीत बसून एकमेकींची फिरकी घेतात. उन्हात ताटकळणाऱ्या घागरी आणि सावलीत हसणाऱ्या मालकिणी एकाच चौकटीत आल्या तर पाहणारा आधी हसेल. मग टँकर कधी येणार हे या बायकांना कुणीच सांगितलेलं नाही, हे त्याच्या ध्यानात येईल.