इग्वाना: पिल्लावरून अंदाज बांधू नका

मासे, लव्हबर्ड, कुत्रा दोन-चार वर्षं नीट सांभाळलेली मोरा, उरण, पनवेलकडची मंडळी पुढची पायरी म्हणून हिरव्या इग्वानाचा विचार करतात, तेव्हा समोर असतं वीतभर लांबीचं पोपटी पिल्लू. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट दीड ते दोन मीटर भरतो, वजन चार-सहा किलो होतं आणि नीट सांभाळला तर तो 15 ते 20 वर्षं जगतो.

‘छोट्या पेटीत ठेवला की छोटाच राहतो’ हे साफ खोटं आहे. अशा पेटीत त्याची हाडं आणि शेपटी वाकडी होतात, एवढंच. हा झाडावर राहणारा प्राणी आहे. त्याला निदान सहा फूट उंच आणि तेवढाच रुंद पिंजरा लागतो. वन-बीएचकेत म्हणजे एक भिंत त्याला द्यायची.

सगळ्यात जास्त इग्वाना मरतात ते दुसऱ्या एका समजुतीमुळे: ‘आपल्याकडे खाडीची दमट हवा, बारा महिने उकाडा, मग दिवा कशाला?’ दमटपणा त्याला मानवतो, हे खरं. पण अन्नातलं कॅल्शियम हाडांत जायला त्याला यूव्हीबी किरण लागतात आणि खिडकीची काच ते अडवते. जून ते सप्टेंबर तर गॅलरीतही ऊन नसतं. मग जबडा मऊ पडतो, मांड्या सुजतात (लोकांना वाटतं, अंगानं भरला), पाय थरथरू लागतात. यूव्हीबीची ट्यूब रोज दहा-बारा तास हवी आणि ती सहा ते बारा महिन्यांनी बदलायची, पेटत असली तरीही, कारण उजेड टिकला तरी किरण संपलेले असतात. शिवाय शेकायला 35 अंशांच्या आसपासची एक जागा लागते.

खाण्याचंही तसंच. सरडा म्हणून त्याला अंडं, चिकन, किडे घालतात. इग्वाना मात्र पानं खाणारा आहे आणि प्राणिज प्रथिनांनी त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. रोज पालक, अळू, माठही नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. शेवग्याचा पाला, तुतीची आणि जास्वंदीची पानं, थोडा लाल भोपळा हे उत्तम. काचेवर पांढरे शिंतोडे दिसले तर सर्दी समजू नका, अंगातलं जादा मीठ तो शिंकून बाहेर टाकतो.

हात फिरवला की डोळे मिटतो, म्हणून तो लाडात आला असं वाटतं. बहुतेकदा तो तुम्हाला टाळत असतो. विणीच्या काळात माणसाळलेला नरही अंगावर येतो. त्याच्या दातांना करवतीसारखी धार असते, चावला तर टाके पडतात.

‘परदेशी प्राणी, कायदा लागू नाही’ हा समज आता महागात पडेल. दुरुस्त झालेला वन्यजीव कायदा 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि 2024 च्या नियमांनुसार इग्वानाची परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबईच्या एअर कार्गो संकुलात शोभेच्या माशांच्या नावाखाली आणलेले 665 प्राणी पकडले गेले, त्यांत इग्वानाही होते. कागद नसलेलं पिल्लू अशाच वाटेनं आलेलं असू शकतं. आपली घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळणं गुन्हाच.

तेव्हा मध्यम अनुभवाच्या माणसाला इग्वाना झेपतो का? माझं उत्तर नाही असंच आहे. वेगळी खोली, सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर आणि घरच्यांची वीस वर्षांची तयारी असेल तरच विचार करा. आणि घेतलेला झेपेनासा झाला तर खाडीकाठी किंवा कर्नाळ्याच्या जंगलात सोडू नका. फ्लोरिडात सोडून दिलेल्या इग्वानांची संख्या इतकी वाढली की 2021 मध्ये तिथं ते पाळण्यावरच बंदी आली. वन विभागाचा 1926 हा क्रमांक फिरवा.