आजोबांच्या रेडिओतला बीटल्सचा व्हॉल्व्ह

मुदखेडात जुनं घर असेल तर एकदा माळ्यावर चढून बघाच. लाकडी पेटीचा व्हॉल्व्हचा रेडिओ तिथे धूळ खात पडलेला असू शकतो. बटण फिरवल्यावर आधी तापायचा आणि मग बातम्या सांगायचा, तोच. मागचा पुठ्ठा काढा. आत काचेच्या चार-पाच नळ्या दिसतील. त्यातल्या एकीवर ‘ईएल ८४’ असं लिहिलेलं निघालं तर ती जपून हाताळा. बीटल्सच्या गिटारी ज्या व्हॉक्स एसी ३० अ‍ॅम्प्लिफायरमधून गरजल्या, त्यात नेमके याच जातीचे चार व्हॉल्व्ह होते! आपल्याकडे ते बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवत असे.

बातम्या वाचणारी नळी रॉक संगीतात कशी काय शिरली?

आधी साधा व्हॉल्व्ह बघू. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात. समोरच्या पत्र्यावर काहीशे व्होल्ट दाब असतो, तो त्यांना ओढून घेतो. मधे हवा नाही, पूर्ण पोकळी. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट या अमेरिकन माणसानं या वाटेत एक जाळी घातली आणि इतिहास घडला. विष्णुपुरीच्या धरणाचा दरवाजा हलवायला लागते थोडीशी शक्ती, पण सुटते ती अख्खी गोदावरी. जाळीचं काम तसंच. गिटारच्या तारेनं निर्माण केलेला इवलासा व्होल्टेज तिच्यावर येतो आणि पलीकडे मोठा प्रवाह त्याच तालात नाचू लागतो. गंमत म्हणजे ही जाळी नेमकी कशी काम करते, ते खुद्द डी फॉरेस्टलाही नीट उमगलेलं नव्हतं.

आणखी एक कोडं. बहुतेक व्हॉल्व्हच्या तापतारेला ६.३ व्होल्ट लागतात. सरळ ६ का नाहीत? कारण जुन्या मोटारींच्या बॅटरीत तीन कप्पे असत, प्रत्येकी २.१ व्होल्टचे. मोटारीतल्या रेडिओसाठी ठरलेला आकडा पुढे रंगमंचावरच्या अ‍ॅम्प्लिफायरलाही चिकटला, तो कायमचाच.

आता पुस्तकांकडे. हौसेनं असा अ‍ॅम्प्लिफायर झाळायला बसणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, वाचू काय? व्हॉल्व्हवाल्यांचं महाभारत म्हणजे लँगफर्ड-स्मिथ यांनी ऑस्ट्रेलियात संपादित केलेलं ‘रेडिओट्रॉन डिझायनर्स हँडबुक’. १९५० च्या दशकातल्या चौथ्या आवृत्तीची पानं सुमारे दीड हजार! पण थांबा. हे पुस्तक स्वराची विकृती कमी कशी करावी हे शिकवतं, आणि गिटारवाल्याला तर विकृतीच हवी असते.

कारण साधं आहे. गिटारच्या पाचव्या तारेचा स्वर सेकंदाला ११० कंपनांचा. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त आवाज दिला की लाटेचा माथा हळूहळू चपटा होतो, आणि मूळ स्वरात २२०, ३३०, ४४० कंपनांची भर पडते. २२० म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज, ३३० म्हणजे त्याचा पंचम. जवारी लावलेला तंबोरा ऐकणाऱ्या कानाला हे परकं वाटायला नको! इंजिनिअरनं ज्याला दोष म्हटलं, त्यालाच वादकांनी आपला आवाज मानलं.

म्हणून पुस्तक निवडताना लेखक विकृतीकडे कसा बघतो, ते आधी तपासा. मॉर्गन जोन्स यांचं ‘व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर्स’ उत्तम आहे, पण ते निर्मळ आवाजाच्या शोधात निघालेल्यांसाठी. मर्लिन ब्लेनको यांचं ‘डिझायनिंग ट्यूब प्रीअ‍ॅम्प्स फॉर गिटार अँड बेस’ मात्र प्रत्येक रेझिस्टर तिथे का आहे आणि बदलला तर आवाज कुठे जाईल, हे सांगतं. एकच घ्यायचं असेल तर मी हेच घेईन. रिचर्ड क्यूनेल यांनी तर फेंडर बेसमन या एकाच अ‍ॅम्प्लिफायरच्या सर्किटवर अख्खं पुस्तक लिहिलंय!

बेसमनचं एवढं कौतुक का? तो बनवणारा लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्या काळी व्हॉल्व्ह कंपन्या आपला माल खपावा म्हणून स्वस्त माहितीपुस्तिका काढत आणि त्यात चक्क तयार सर्किटं छापत. मेकॅनिक त्यावरच शिकत. फेंडरच्या सर्किटांचं कूळ त्याच परंपरेतलं. पुढे १९६२ च्या सुमारास लंडनमधल्या जिम मार्शलच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी बेसमन समोर ठेवून तसाच अ‍ॅम्प्लिफायर बांधला. सुटे भाग मात्र तिथे मिळाले ते. नक्कल करायला गेले आणि आवाज निराळाच निघाला. तोच मार्शलचा जेटीएम ४५. पुढची कित्येक वर्षं रॉकच्या मैफिली मार्शलच्या अ‍ॅम्प्लिफायरांच्या भिंतींपुढे रंगल्या. थोडक्यात, या कलेची वाढच मुळी दुसऱ्याचं सर्किट वाचण्यातून झाली.

तेव्हा पुस्तक वाचून झालं की कपाटात कोंडू नका. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांना द्या, गावच्या वाचनालयात ठेवा. घरात जुनी व्हॉल्व्हची माहितीपुस्तिका असेल तर रद्दीत घालण्याआधी कुणा होतकरूला दाखवा. फक्त देण्याआधी पहिल्या पानावर पेन्सिलनं तीन गोष्टी लिहा. अमेरिकन पुस्तकांतली सर्किटं ११०-१२० व्होल्टच्या विजेसाठी आहेत, आपल्याकडे २३० आहेत. जुन्या आकृत्यांत दोनच पिनांचा प्लग दिसतो, आपण तीन पिनांचा लावून पेटीला अर्थिंग द्यायचंच. आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट साठून राहू शकतात, ते रेझिस्टर लावून उतरवल्याशिवाय आणि मीटरवर तपासल्याशिवाय आत हात घालायचा नाही.