शनिवारी सकाळी फुल्ल, दुपारी ठणठण!

शुक्रवारी रात्री चार्जिंगला लावलेली बॅटरी शनिवारी दुपारी मान टाकते. नवी आणली तरी तेच! डॅलसच्या तलावावर आमच्या बोटीला लागलेलं हे ग्रहण सुटलं, ते एसटीच्या वर्कशॉपमधल्या अनुभवामुळे.

अमेरिकेत येऊन सात-आठ वर्षं झाली की देशी माणसाला दोनपैकी एक खूळ लागतं. एक तर तो बॅकयार्डात मेथी-कोथिंबीर लावतो, नाहीतर बोट घेतो. मी बोट घेतली. सेकंडहॅण्ड, १७ फुटी, मागे पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन आणि पुढे नाकावर एक छोटी इलेक्ट्रिक मोटर. तिला ट्रोलिंग मोटर म्हणतात. (नेटवरच्या ट्रोल मंडळींशी तिचा काही संबंध नाही.)

हिचा फंडा सिंपल आहे. मोठ्या इंजिनाने मासेमारीच्या जागेपर्यंत जायचं आणि तिथे ते बंद करायचं, नाहीतर त्या घरघरीने मासे पसार. मग पायाखालच्या पेडलने ही छोटी मोटर चालवत, आवाज न करता काठाकाठाने सरकायचं आणि बास नावाच्या माशासाठी गळ टाकायचा. १९३४ साली नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावात ओ. जी. श्मिट नावाच्या गृहस्थाने फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढून त्याला पंखा जोडला, आणि ही मोटर जन्माला आली. शेजारचं राज्य मिनेसोटा, म्हणून कंपनीचं नाव मिन कोटा! म्हणजे मुळात हा गाडीच्या इलेक्ट्रिशियनचा प्रांत. हे मला फार उशिरा कळलं.

बोट घेण्याचं खरं कारण बाबा. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. इथल्या सबर्बमध्ये आई-वडिलांचं काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघं ऑफिसला. बाबांना गाडी चालवता येत नाही, कोपऱ्यावर टपरी नाही, बोलायला माणूस नाही. मराठी चॅनेल आणि खिडकी. कणकवलीला असताना रविवारी खाडीवर गरवायला जाणारा हा माणूस. म्हटलं, शनिवार तरी त्यांचा असू दे.

आणि नेमका शनिवारच बॅटरीने खाल्ला.

एका वर्षात तीन बॅटऱ्या

आमची मोटर २४ व्होल्टची. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडलेल्या. आउटबोर्ड स्टार्ट करायला तिसरी बॅटरी वेगळी. हिशेबाने मध्यम स्पीडवर अख्खा दिवस निघायला हवा. आमची मोटर दीड-दोन तासांत केविलवाणी व्हायची. दुकानात बॅटरी नेली की तो टेस्टर लावायचा, "बॅड" असा शिक्का मारायचा आणि मी सव्वाशे डॉलर मोजून नवीन घेऊन यायचो. बाबा येण्याच्या आधी एका वर्षात अशा तीन झाल्या. बायको म्हणाली, "मासा किलोला किती पडला, काढ जरा." एकही मासा पडला नव्हता, त्यामुळे गणित सुटलं नाही.

पण कहर झाला ऑक्टोबरमध्ये. लुईसव्हिल तलाव म्हणजे आपल्याकडच्या धरणासारखाच, अफाट पसरलेला. दुपारी उत्तरेचा वारा सुटला, लाटा उठल्या आणि ट्रोलिंग मोटर गपकन बंद. आउटबोर्डची चावी फिरवली तर नुसतं टक-टक. पकडलेले मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा पंप सकाळपासून चालू होता आणि तो स्टार्टिंगच्या बॅटरीवर होता. माझाच गाढवपणा. टाकीत मासा नव्हताच! बोट आडवी होऊन धरणाच्या दगडांकडे सरकायला लागली. लाइफ जॅकेटं अंगात होती, पण बाबा ७१ वर्षांचे. त्यांनी काही न बोलता दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. अर्ध्या तासाने एका टेक्सन आजोबांनी दोर टाकला आणि आम्हाला ओढत काठाला आणलं.

घरी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं सगळं. परतीच्या विमानाला तीन आठवडे उरले होते. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "मीटर आहे का घरात?"

ही तर एसटीच!

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झाले. आयुष्यभर बसच्या बॅटऱ्या केल्या. आणि बसचं वायरिंगही २४ व्होल्टचं, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये! गॅरेजमध्ये बोटीचं झाकण उघडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बॅटरी उगीच मरणा नाय रे. तिका कोणतरी मारता."

पहिला नियम त्यांनी सांगितला तो असा की चार्जर काढल्याकाढल्या मीटर लावायचा नाही. बॅटरीला काही तास गप्प बसू द्यायचं, तेव्हा ती खरं बोलते. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे फुल्ल, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की कर्जात. निम्म्याच्या खाली वारंवार नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि रिकामी तशीच पडू दिली तर आत प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात. मग कितीही चार्ज करा, पोट भरत नाही.

रात्रभर चार्ज केलेल्या आमच्या जोडगोळीने सकाळी काय दाखवलं? एक १२.७. दुसरी १२.१!

सिरीजमध्ये हीच गोम असते. दोन बैलांपैकी एक लंगडा असेल तर गाडी लंगड्याच्या चालीने चालते. कमजोर बॅटरी आधी रिकामी होते, भरलेली दुसरी तिच्यातूनच करंट ढकलत राहते आणि तिची उरलीसुरली वाट लावते. म्हणून जोडी बदलायची तर दोन्ही एकदम, एकाच वयाच्या. मी दर वेळी फक्त मेलेली बदलत होतो आणि गंमत म्हणजे मरणारी दर वेळी त्याच जागेवरची, डाव्या हाताची. तीन मृतदेह, एकच जागा... आणि इंजिनिअर असून मला संशय येऊ नये?

मग बाबांनी चार्जर चालू केला आणि चालू असतानाच दोन्हीकडे मीटर लावला. उजवीकडे १४ च्या वर. डावीकडे १२.१, ढिम्म. चार्जरची वायर जरा हलवली तर १४, सोडली की पुन्हा खाली. वायरीवरच्या फ्यूजच्या डबीत गंज! चार्जरचा पॉवरचा दिवा मात्र इमानदारीत जळत होता. खात्रीसाठी दोन्ही वायरींची अदलाबदल केली, तर आता उजवी उपाशी. म्हणजे दोष बॅटरीचा नाही. अदलाबदलीची ही ट्रिक फुकटात होते, आणि तिने माझे निदान अडीचशे डॉलर वाचवले असते.

मला वाटलं, केस क्लोज. बाबा म्हणाले, थांब.

आमच्या सोसायटीच्या नियमांत घरासमोर बोट ठेवायला बंदी, त्यामुळे आठवडाभर ती भाड्याच्या पार्किंगमध्ये उभी, जिथे वीज नाही. बाबांनी सगळी बटणं बंद करायला लावली, डाव्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन मध्ये जोडला. (हे करताना मोटर चुकूनही चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल.) सगळं बंद असताना आकडा यायला हवा जवळपास शून्य. आला ०.२५. पाव अँपिअर! वाटतं किरकोळ, पण पाव गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-अवर, पाच दिवसांत ३०. आमची बॅटरी १०० ची. म्हणजे मी क्युबिकलमध्ये बसून कोड लिहीत असताना इथे रोज थोडी थोडी गळती चालू होती. एकेक वायर काढत गेल्यावर चोर सापडला. आधीच्या मालकाने बसवलेला स्टिरिओ, थेट डाव्या बॅटरीवर जोडलेला. आम्ही तो कधी लावलासुद्धा नव्हता.

तिसरी गोष्ट त्यांना हाताने कळली. पंखा फिरवून बघताना म्हणाले, जड लागतोय. नट काढून पंखा ओढला, तर मागे दांड्यावर तंगुसाचा हा एवढा गुंता! तुटलेली लाइन पाण्यात पंख्यात ओढली जाते आणि दांड्यावर आवळत बसते. मोटर मग जास्त करंट ओढते आणि वर आतलं सील कापलं जाऊन पाणी शिरायची भीती. कोकणातल्या माणसाला तंगूस ओळखायला मीटर लागत नाही.

टर्मिनलवरचा पांढरट-हिरवट खार सोड्याच्या पाण्याने साफ केला. ढिले झालेले पंखवाले नट काढून साधे घट्ट बसणारे लावले. गच्च न बसलेला जोड तापतो, आणि ती उष्णता म्हणजे तुमचीच वीज. मोटर पाच मिनिटं चालवून जोडावर हात फिरवायचा, कोमट लागला तर गडबड आहे.

मग लिथियम घे ना!

हे मला ऑफिसातल्या प्रत्येकाने सुचवलं. लिथियम बॅटरी वजनाला निम्म्याहून हलकी, बरीच जास्त वर्षं टिकते आणि जवळपास पूर्ण रिकामी केली तरी कुरकुरत नाही. पण तिला चार्जर तिच्या जातीचा लागतो, व्होल्ट बघून तिच्यात किती उरलंय ते नीट कळत नाही आणि संपली की आतलं सर्किट खट्‌कन सगळं बंद करतं. शिवाय गळती तीच, गुंता तोच. गंजलेल्या फ्यूजवर मी लिथियम लावली असती तर चारपट महाग बॅटरी उपाशी ठेवली असती. आधी भोक बुजवा, मग टाकी बदला. आणि हो, सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, ही इथल्या आणि तिथल्याही काकालोकांची आवडती थिअरी आजच्या प्लॅस्टिक डब्याच्या बॅटऱ्यांना लागू नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर मीटरचे वरचे आकडे तुमच्याही कामाचे, फक्त वीज आणि अ‍ॅसिड म्हणून मेकॅनिकला सोबत घ्या.

खर्च किती आला? फ्यूजची डबी, नट आणि सोडा मिळून १५ डॉलरच्या आत. डावी बॅटरी मात्र वाचली नाही, आणि नियमाप्रमाणे दोन्ही नव्या घेतल्या. बायकोने या वेळी हिशेब विचारला नाही.

बाबांच्या जाण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही उजाडायच्या आत तलावावर होतो. त्यांच्यासाठी एका दिवसाचा मासेमारीचा परवाना काढला होता. दिवसभर मोटर चालली, पंप मी फक्त गरजेपुरता लावला. चारच्या सुमाराला बाबांच्या गळाला बास लागला, चांगला हातभर. मी तो मोजला, फोटो काढला आणि परत पाण्यात सोडला. बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पगाराचं पाकीट तलावात टाकलं.

"सोडलास?"

"बाबा, इथे बरेच जण सोडतात."

"मग येतत कित्याक?"

संध्याकाळी काठावर आल्यावर, मोटर बंद होऊन तासभर झाल्यावरच, त्यांनी मीटर लावला. १२.३ आणि १२.३.

आता ते कणकवलीला आहेत. रविवारी सकाळी, म्हणजे आमच्या शनिवारी रात्री, व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल येतो. आधी नातीची चौकशी, मग पाऊस, मग शेजारच्यांचं काहीतरी. आणि ठेवायच्या आधी, न चुकता, दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे.