रविवारी येणारा बाबा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी आईकडे जाते, बारसं बहुधा तिथेच होतं आणि सवा महिना, पुष्कळदा तीन महिने उलटल्यावर बाळ-बाळंतीण सासरी परततात. बाळंतिणीला यातून विसावा आणि हक्काची माणसं मिळतात, म्हणून या रीतीला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण या तीन महिन्यांत बाळाचा बाप कुठे असतो? शनिवारी रात्रीच्या गाडीने तो सासुरवाडीला येतो, जावई म्हणून त्याचा पाहुणचार होतो, बाळ काही वेळ मांडीवर मिळतं, ते रडू लागलं की जाणत्या हातांनी ते काढून घेतलं जातं आणि सोमवारी तो कामावर हजर असतो. नोकरदार बापाच्या मनःस्वास्थ्याविषयी बोलताना आपण कामाचे तास, घराचे हप्ते, लोकलची गर्दी यांचा हिशेब मांडतो. तो खराच आहे. माझं म्हणणं असं, की त्या ताणाइतकाच हा परकेपणाही बापाला पोखरतो. कमावण्याची सगळी जबाबदारी त्याच्यावर येते आणि सांभाळण्यातला वाटा मात्र मिळत नाही. ‘थोडा वेळ स्वतःसाठी काढा’ हा नेहमीचा सल्ला त्याला म्हणूनच अपुरा पडतो. घराबाहेरचा तासभर सुखाचा असेलही, पण त्याला मुळात घरात जागा हवी आहे.

याला आधार आहे. बापांच्या नैराश्यावरच्या अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2010 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाळाच्या आगमनाच्या आगेमागे सुमारे दहांतल्या एका बापाला नैराश्य येतं, आईच्या नैराश्याशी त्याचा संबंध असतो आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना त्याचं प्रमाण सर्वाधिक असतं, असं त्यात दिसलं. त्या अभ्यासांतले बहुतेक बाप आपल्याकडचे नव्हेत, हे ध्यानात ठेवूनही तो काळ पाहा. बरोबर त्याच सुमारास आपल्याकडे बाळ माहेराहून येतं. आजीचे हात मागे राहतात, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रात्रीची जागरणं सुरू होतात आणि बापाला बाळाचं रडणं कळत नाही, कारण ते ओळखायला शिकण्याचे दिवस त्याला मिळालेलेच नसतात. फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या 624 तरुणांचा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. बाप झाल्यावर पुरुषांतल्या टेस्टोस्टेरॉनची पातळी उतरते आणि रोज तीन तास किंवा अधिक मूल सांभाळणाऱ्यांत ती सर्वांत कमी असते, असं त्यात आढळलं. मूल हाताळण्याशी पुरुषाच्या शरीराचंही नातं आहे, असा याचा अर्थ मी लावते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. बाईच्या वाट्याला इतकं ओझं असताना बापाचं कौतुक कशाला? 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला 299 मिनिटं घालवत होत्या, तर पुरुष 97. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच 26 टक्के होते. पण बापाला सांभाळण्यात ओढणं हा याच अन्यायावरचा उपाय आहे. स्वीडनने 2012 मध्ये आई रजेवर असताना बापालाही गरजेप्रमाणे तीस दिवसांपर्यंत घरी थांबण्याची मुभा दिली, तेव्हा बाळंतिणींना लागणारी चिंतेवरची औषधं घटल्याचं अर्थशास्त्रज्ञांना दिसलं. शिवाय पुरुषाच्या दुःखाकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही. 2021 मध्ये आपल्या देशात आत्महत्या केलेल्या 1,64,033 जणांत 81,063 विवाहित पुरुष होते आणि 28,680 विवाहित स्त्रिया. राज्यांत सर्वाधिक, 22,207 मृत्यू महाराष्ट्रातले. हे सगळे बाप नव्हते आणि एवढ्या मृत्यूंना एक कारण नसतं. हे आकडे बायकांविरुद्ध वापरणं तर मला साफ अमान्य आहे. नैराश्याचं निदान स्त्रियांत अधिक होतं, तरीही जीव देणाऱ्यांत पुरुष अधिक, एवढंच त्यातून ठामपणे म्हणता येतं. पुरुषाचं दुःख पुष्कळदा चिडचिड, दारू किंवा उशिरापर्यंत ऑफिसात रेंगाळणं अशा रूपात येतं आणि घर त्याला ‘स्वभाव’ म्हणून सोडून देतं.

‘आमच्या बापांनी कुठे असलं काही मागितलं?’ असंही विचारलं जातं. ‘कर्ता’ हा शब्द एकत्र कुटुंबातला, हिंदू कायद्यातही तो त्याच अर्थाने येतो. त्या कर्त्याला भाऊ होते, वडीलधारे होते. एखादं वर्ष वाईट गेलं तरी घर उभं राहत असे. वसईच्या किंवा हिंजवडीच्या फ्लॅटमधल्या आजच्या कर्त्याच्या मागे त्याचा पगार सोडला तर कुणी नाही. शिवाय त्या जुन्या बापांनीही मुकाट्याने काय सोसलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सर्वांत अवघड प्रश्न रोजंदारीवरच्या बापाचा. 2021 मध्ये आत्महत्या केलेल्यांत 42,004 जण रोजंदारीवरचे होते. बापाच्या रजेचा कायदा झाला तरी तो अशांपर्यंत पोचणार नाही. पण आशाताई पोचतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी 42 दिवसांत त्या सहा वेळा घरी येतात, बाळाचं वजन घेतात, आईची विचारपूस करतात. त्यातल्या एका भेटीत बापाला समोर बसवून ‘झोप लागते का, जीव घाबरतो का’ एवढं विचारणं या व्यवस्थेत बसू शकतं. मात्र त्या जादा कामाचा मोबदला आशाताईंना मिळाला पाहिजे. बाप ‘लागत नाही’ म्हणाला, तर पुढे पाठवायला 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

रजेचं गाडं अडलेलंच आहे. आईला 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवडे मिळाले. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी बापाच्या रजेसाठी खासगी विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला दोन अपत्यांपर्यंत पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीत सारं मालकाच्या मर्जीवर. पण ज्यांना ते पंधरा दिवस आहेत, त्यांनी नियम नीट वाचावा. ही रजा बाळाच्या जन्मापासून सहा महिन्यांपर्यंत घेता येते. ती बारशाच्या गडबडीत संपवण्याऐवजी बाळ-बाळंतीण माहेराहून येतील त्या दिवसापासून घ्यावी आणि त्या पंधरवड्यात बाळाची अंघोळ बापाने घालावी.