शाळेतील पोलीस अंमलदार

अमेरिकेतील अनेक सार्वजनिक शाळांच्या आवारात जो गणवेशधारी, बहुधा सशस्त्र अंमलदार दिसतो, तो शाळेचा पहारेकरी नसून बहुतेक ठिकाणी स्थानिक पोलीसखात्याचाच नोकर असतो, आणि खाते व शाळामंडळ यांच्यातील करारनाम्यान्वये त्याची तेथे नेमणूक होते. १९५०च्या दशकात मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरी रुजलेली ही प्रथा कोलंबाइन येथील शाळेत १९९९ साली झालेल्या हत्याकांडानंतर केंद्रीय अनुदानाच्या बळावर देशभर फोफावली. कायद्याचा रक्षक, शिक्षक आणि सल्लागार अशी त्रिविध भूमिका त्याच्याकडे सोपविलेली असते; परंतु खरी मेख येथेच आहे, कारण ज्याच्यापाशी मुलाने विश्वासाने मन मोकळे करावे, तोच उद्या त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा राहू शकतो. शाळाधिकाऱ्यांना विद्यार्थ्याची झडती घेण्यास वाजवी संशय पुरेसा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ठरविले खरे, पण पोलिसांच्या सहभागाने होणाऱ्या झडतीचा प्रश्न त्याच निकालात अनिर्णित ठेवला. पूर्वी मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटणारी दंगामस्ती अंमलदार शाळेतच असल्याने बालन्यायालयापर्यंत जाते, आणि हा जाच कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्यास अधिक येतो. संरक्षणाची हमी तरी कोठे आहे? २०१८ साली पार्कलंड येथील शाळेत गोळीबार चालू असता तेथील अंमलदार इमारतीबाहेरच थांबला होता. जून २०२०मध्ये, शहरातील पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर, मिनियापोलिसच्या शाळामंडळाने पोलिसांशी असलेला करार रद्द केला.